मायचे हात आणि खापरावरचा मांडा

मी काय काम करते हे आमच्या घरात कोणाला धड सांगता येत नाही, आणि याचा मला फार राग येतो. माझा धाकटा भाऊ जळगावात ओळखीच्यांना सांगतो, "आमची अक्का उंदरांवर काहीतरी करते." आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच्याही पुढचे. दोंडाईच्याजवळ आमचं गाव आहे. तिथे पारावर कुणी विचारलं की ते म्हणतात, "ती शिरपूरला मेंदू कापते." झालं! मी गावात गेले की बायका माझ्या पर्सकडे बघतात, आत सुरा असेल म्हणून.

खरं काम असं आहे. मी शिरपूरला एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप बघते. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. काही निरोप "चल" असे असतात आणि काही "थांब" असे. थांबवणाऱ्या निरोपाचं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते घ्यायला पेशीवर कडीसारखी जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. गाबा तिथे बसलं की दार उघडतं, आत ठरावीक क्षार शिरतात आणि ती पेशी गप्प होते. या कड्या मेंदूत कुठे दाट, कुठे विरळ, विशेषतः हालचाल सांभाळणाऱ्या भागांत, ते मी शोधते. त्यांना हिरवा चमकणारा रंग लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. एवढंच. यात सुरा कुठे आला?

या कामाला बुद्धी लागते तितकाच हात लागतो. काप मिठाच्या पाण्यात तरंगत असतो. बारीक ब्रशनं त्याला अलगद काचपट्टीवर चढवायचं, घडी न पडू देता. मी नवीन होते तेव्हा आमच्या सरांनी माझा पहिला काप बघितला आणि विचारलं, "कुठे शिकलात हे?" मी म्हटलं, "घरी, मांडे करताना." सर पुण्याकडचे. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

थट्टा कसली! मांडा ज्यानं होताना पाहिलाय त्याला सांगायला नको. वस्त्रगाळ पीठ, पाणी लावून लावून इतकं तिंबायचं की ओढलं तर तुटायचं नाही. त्यात पुरणाचा भलामोठा गोळा भरायचा. मग तो पोळपाटावर लाटायचा नाही, दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत वाढवायचा, कोपरापर्यंत पसरेस्तोवर. शेवटी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात टाकायचा. मी बारा वर्षांची असताना माय मला ओल्या फडक्यावर हे शिकवायची. पंचा भिजवून माझ्या हातांवर टाकायची आणि म्हणायची, झुलव. चुकलं की पाठीत धपाटा. मला मांडा कधीच जमला नाही. पण ते ओलं फडकं शिरपूरच्या प्रयोगशाळेत कामाला आलं.

माय म्हणजे आमची आई. आजूबाजूच्या चार गावांत तिचे मांडे माहीत होते. लग्नाचं घर असलं की बैलगाडी, नंतर जीप, नंतर मोटरसायकल तिला न्यायला यायची. ती स्वतःचं खापर गोधडीत गुंडाळून बरोबर न्यायची. दुसऱ्याच्या खापरावर तिचा विश्वास नव्हता. ते खापर तिच्या सासूनं दिलेलं, वर्षानुवर्षं भाजून काळंभोर झालेलं.

तीनेक वर्षांपूर्वी तिच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी आम्ही हसलो. आबा म्हणाले, "तुझा चहा येतो ते आता मला ओसरीवरूनच ऐकू येतं." मायही हसली. मग ती चहा पेल्यात आणायला लागली, म्हणजे वाजू नये. मग पेला अर्धाच भरायला लागली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती चौघांत चहाच घेत नाही.

मी तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, आणि एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. निम्मं पाणी टेबलावर. माय त्यांना आमच्या अहिराणीत म्हणाली, "डॉक्टर, माले तहान लागेल नही, ऱ्हाऊ द्या." डॉक्टर हसले. तपासून म्हणाले, हा पार्किन्सन नाही. हात मांडीवर असताना स्थिर आहेत, काही करायला गेलं की कापतात. याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात, जिवाला धोका नाही, बऱ्याचदा घराण्यात असतो. गोळी लिहून दिली. गोळीनं फरक पडला थोडा आणि झोप आली फार. मायनं ती आपल्या मनानं अर्धी केली, मग पाव केली.

डॉक्टरांपुढे मी मान हलवत होते, पण मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हा कंप लहान मेंदूच्या कारभारातून येत असावा, तिथली थांबवणारी यंत्रणा ढिली पडत असावी, असा अभ्यासकांचा बराच काळ संशय आहे. अजून नक्की कोणी सांगत नाही. आणि मी नेमका तोच लहान मेंदू रोज काचेवर ठेवून बघत होते. उंदराचा. आईचा हात कापायला लागून किती दिवस झाले ते मात्र मला सांगता आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, तर उत्तर मायनंच दिलं.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. स्टुलावर बसवली, पदर सावरून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाली, "ही तं फुलकोबी शे."

"तोच लहान मेंदू," मी म्हटलं. "ते दाट हिरवं दिसतंय ना, तिथे गाबाच्या कड्या दाट आहेत. त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात दुसऱ्या जातीच्या. खाली पाठीच्या कण्यात गेलं की गाबाच्या जोडीला ग्लायसिन नावाचं दुसरंच रसायन हे काम करतं. जागा बदलली की थांबवणारे बदलतात. आणि या कोबीतून बाहेर जो निरोप जातो, वरच्या सालीतून, तो सगळा 'थांब' असाच असतो."

तिनं डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "इतलं बठ्ठं थांबाडनारंच शे, तं हालाडनारं कोन शे?"

सगळंच थांबवणारं, मग हलवणारं कोण? मी शिकवते त्या वर्गांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही, शप्पथ सांगते. मी तिला मेंदूच्या खोलातल्या गाठींचा काप दाखवला. म्हटलं, इथे काही पेशी सतत "थांब, थांब" म्हणत बसलेल्या असतात. हात उचलायचा झाला की दुसऱ्या पेशी येऊन त्या थांबवणाऱ्यांनाच थांबवतात. मग हात सुटतो.

"म्हंजे सासूले बी सासू शे!" माय म्हणाली आणि इतकी हसली की बाहेरून शिपाई डोकावला. मी पुढे तोच दाखला वर्गात वापरला. पोरांना एका वाक्यात कळलं.

इथवर सगळं गोड आहे. पुढचं माझ्या अंगावर येतं, पण सांगायलाच हवं.

त्या दिवाळीत पंगतीत वाढताना मायच्या हातातली कढत कढी तिच्याच पावलावर सांडली. भाजलं फार नाही, पण मी घाबरले, आणि मी घाबरले की चिडते. "बस झालं! आता तू चुलीपाशी जायचं नाही," असं सगळ्यांसमोर ओरडले. ती म्हणाली, "हात हालतस वं पोरी, मी नही." मी ऐकलं नाही. कढी गेली, चहा गेला, विळी गेली. देवापुढची समईसुद्धा वहिनीनं लावायची असं मी ठरवून टाकलं; भाऊ नोकरीला जळगावात असला तरी त्याची बायको-मुलं गावीच असतात. फोनवरून रोज चौकशी करायचे, आज काय काय केलंस म्हणून. आबा म्हणायचे, "तुझी पोलिसचौकी शिरपूरला आहे का दोंडाईच्याला?"

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. दिवाळीनंतर दोनेक महिन्यांनी, एक काप काचपट्टीवर चढवताना माझ्या ब्रशचं टोक थरथरलं. कापाला घडी पडली. मी एसीला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी एसी बंद करून बघितला, चहा सोडून बघितला, मनगट टेबलावर टेकवून बघितलं. डॉक्टरांचं "घराण्यात असतो" हे वाक्य मला ऐकूनही ऐकायचं नव्हतं. मायचा हात कापताना दिसला की मला माझा दिसायचा. म्हणून तो मला दिसायलाच नको होता. मी तिची काळजी घेत होते हे खरं, पण सगळं खरं नव्हे.

मग आखाजी जवळ आली. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेतो. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. कुंभाराकडची नवी घागर पाण्यानं भरून तिची पूजा करायची, वर आंबा आणि मांडा ठेवायचा, आमरसाचा नैवेद्य. आमची घागर आबांच्या आईची, म्हणजे मायच्या सासूची. जिनं खापर दिलं तिची. लग्न झाल्यापासून त्या घागरीवर मायच्या हातचाच मांडा असायचा.

मी आणि भावानं फोनवर परस्पर ठरवलं की यंदा मांडे जळगावहून आणायचे. आता तिथे छान तयार मिळतात, डब्यात घालून. ठरवल्यावर मायला कळवलं. मांडा विकतचा म्हटल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "इकतना मांडा? घागरवर?" मी म्हटलं, "माय, आजीला काही कळणार नाहीये." असं बोलवलं कसं मला, देव जाणे. तिनं फोन आबांकडे दिला.

चार दिवसांनी आबांचा फोन. त्यांचा आवाज कधी नव्हे तो पडलेला. "तुझ्या मायनं खापर देऊन टाकलं."

"कोणाला?"

"शेजारच्या काकूला. म्हणे, घरात ठेवून काय करू, पायात येतं." मग म्हणाले, "भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती आता नुसती ओसरीवर बसते. उद्या खापर गेलं, परवा आणखी काय देईल ती?"

आबा म्हातारे आहेत, पण घाबरट नाहीत. त्या दिवशी ते घाबरले होते. मला कळलं की प्रश्न एका सणाच्या मांड्याचा नाही. मायचा हात थरथरायला लागला म्हणून ती बसली नव्हती. आम्ही बसवली म्हणून ती बसली होती, आणि आता उठेल की नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावी पोचले. माय ओसरीवर होती. मला बघून हसली, पण उठली नाही. वहिनी मुलांचं बघत होती, भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन येणार होता. अंगणात नवी घागर ठेवलेली. मी हातपाय धुवून येते तो काय, माय नळाखाली घागर लावून बसलेली. नवी घागर आदल्या दिवशी पाण्यानं भरून मुरवावी लागते, नाहीतर झिरपते. ती भरली. मी "थांब, मी उचलते" म्हणेपर्यंत मायनं दोन्ही हातांनी उचललीसुद्धा. अंगण ओलांडून ओट्यावर नेऊन ठेवली.

एक थेंब सांडला नाही. काठोकाठ भरलेली घागर, आणि पाणी हललं नाही.

घागर ठेवून तिनं ओट्यावरचा रिकामा गडवा उचलला आणि तो लगेच थरथरायला लागला.

मी भर उन्हात उभी राहिले. अगं बाई! हाताला वजन मिळालं की असा कंप बऱ्याच जणांत कमी होतो. सगळ्यांत नाही, पण होतो. मनगटाला वजनाचे पट्टे बांधून बघतात. हे मी वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत विचारलेलंसुद्धा होतं! आम्ही तिला काय काय दिलं होतं? कपबशी, पेन, चमचा, निरांजन. सगळं हलकं हलकं. डॉक्टरांनी तेच केलं, ते त्यांचं काम. पण पुरण भरलेला मांड्याचा गोळा केवढा असतो हे मला तर माहीत होतं! तिच्या हातात तो देऊन बघावं असं एवढ्या शिकलेल्या मला एकदाही सुचलं नाही.

"माय, उद्याचे मांडे तू कर," मी म्हटलं.

ती म्हणाली, "खापर कोठे शे आते?"

मी चप्पल न घालताच शेजारी गेले. काकूंना विचारलं. त्या ओशाळल्या. "तुझ्या आईचं खापर चुलीवर ठेवायचा धीर होईना गं मला," म्हणाल्या आणि मागच्या दारी घेऊन गेल्या. खापर एका विटेवर तिरपं पालथं घातलेलं, आणि त्याखाली अंड्यांवर बसलेली कोंबडी. आमच्या आजीचं खापर! मी कोंबडीशी भांडून ते सोडवलं. हाताला दोन चोची बसल्या. घरी आणून राखेनं घासलं, तर माय ओसरीवरून ओरडली, "इतलं नको घासू, त्यानं बठ्ठं तेज चाली जाई!" इतक्या दिवसांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली होती. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी थोडं घासलं.

सकाळी चूल पेटली. खापर तापलं. भाऊ जळगावचा डबा घेऊन आला तो दारातच उभा राहिला. मी त्याला हातानंच म्हटलं, गप्प. माय पाटावर बसली. तिचे रिकामे हात परातीकडे जाताना कापत होते, आम्ही सगळे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. तिनं गोळा उचलला. पुरणानं गच्च, चांगला जड. हात थांबले. अगदी दगडासारखे नाही, बारीकशी लहर होती, पण ती झोक्यात मिसळून गेली. या हातावरून त्या हातावर, मांडा मोठा होत गेला आणि मधोमध फाटला.

मायनं फाटलेल्या कडा चिमटीत धरून बघितल्या. "पीठ कोनी चाळं?"

"मी," मी म्हटलं.

"कोंडा शे यामा. मेंदू कापस आनि पीठ चाळता येत नही!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाऊही हसला, वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली ती पीठ पुन्हा चाळायलाच. मला हसू आणि रडू एकदम आलं. नव्यानं तिंबलेल्या पिठाचा दुसरा मांडा उतरला. खापरावर टाकताना एका बाजूला घडी पडली, पूर्वी पडत नसे. मायनं घडीकडे बघितलं आणि म्हणाली, सासू समजून घेईल. तोच मांडा घागरीवर ठेवला. जळगावचा डबा आम्ही काकूंकडे दिला, कोंबडीची जागा मोडल्याबद्दल.

आबा पान लावता लावता मला म्हणाले, "थांबवणारीला कोणी थांबवलं मग?" मायनं त्यांना सासूचा दाखला सांगून ठेवला असणार. मी म्हटलं, "घागरीनं."

जेवणं झाल्यावर माय आणि मी चुलीपाशी दोघीच होतो. उरलेला एक गोळा परातीत होता. वहिनीनं मला कपबशीत चहा आणून दिला, आणि मी बेसावधपणे उचलला. कप बशीवर वाजला. अगदी हलका. मी पटकन खाली ठेवला.

माय माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती.

"तुले बी?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. मोठी प्रयोगशाळेवाली मी, लहान पोरीसारखी रडायला लागले. म्हटलं, ब्रश धरता येत नाही गं, काप दुमडतात, हे काम गेलं तर मी काय करू. जे इतके दिवस कुणालाच बोलले नव्हते ते सगळं बोलले. माय काही समजूत घालत बसली नाही. तिनं परातीतला गोळा उचलला, माझे दोन्ही हात ओढून पुढे घेतले आणि तो त्यांवर ठेवला. गार, ओला, भलता जड. तिचे रिकामे झालेले हात माझ्या हातांखाली थरथरत होते.

"जड धर," ती म्हणाली. "हात थांबी जाई. आते झुलव."